निंबाळकर

मराठा समाजातील आडनाव. सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या निंबळक गावावरून ते पडले. घराण्याचे मूळ कूळ पवार, म्हणजे माळव्याच्या परमारांशी नाते सांगणारे. पूर्वज निंबराज हे निंबळकास स्थिरावले आणि गावाचे नावच पुढे कुळाची ओळख बनले, अशी घराण्याची परंपरा आहे. ‘नाईक’ हा किताब आजही अनेक जण आडनावाआधी लावतात.

या घराण्याचे खरे मोल भोसल्यांशी जुळलेल्या सोयरिकींत दिसते. शहाजीराजांच्या मातोश्री दीपाबाई आणि शिवछत्रपतींच्या पत्नी, संभाजीराजांच्या मातोश्री सईबाई या दोघी फलटणच्याच लेकी. बजाजी निंबाळकरांना सक्तीने मुसलमान करण्यात आले होते. त्यांना स्वधर्मात परत घेऊन महाराजांनी आपली कन्या सखूबाई त्यांच्या मुलाला, महादजींना दिली. त्या काळी हे फार मोठे धाडस होते.

निंबाळकरांचे फलटण संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले. रावरंभा निंबाळकरांची शाखा करमाळ्यास नांदली. फलटण, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात हे आडनाव विशेष आढळते.