हिवरखेड नावाचा फोल्डर: ई-मेलमधील नामांतराचा इतिहास

१/ गावाचे नामांतर झाले तरी जुने नाव कुठेतरी नोंदीत उरतेच. इमादशाहीची राजधानी असलेले अचलपूर इंग्रजी कागदपत्रांत ‘एलिचपूर’ होते. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला, पुढे अचलपूर हे नाव रूढ झाले. पण रेल्वेचा स्थानक-संकेत ‘ईएलपी’च राहिला. ई-मेलच्या फोल्डरांचा इतिहासही असाच आहे.

२/ १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ची रचना केली. पत्रे सर्व्हरवरच ठेवावीत आणि ती कोणत्याही संगणकावरून वाचता यावीत, हा तिचा हेतू. डिसेंबर १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘रिनेम’ ही आज्ञा आहे: जुने नाव आणि नवे नाव सांगितले की फोल्डरचे नामांतर होते, आतील पत्रे जागीच राहतात. अपवाद फक्त ‘इनबॉक्स’चा. त्यातील पत्रे नव्या नावाच्या फोल्डरात जातात आणि इनबॉक्स रिकामा होऊन मागे उरतो.

३/ या आज्ञेची गरज वऱ्हाडात सहज पटते. एक हिवरखेड अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. दोन्ही गावांचा पत्रव्यवहार ‘हिवरखेड’ या एकाच नावाखाली साठला, तर एका गावाचा अर्ज दुसऱ्याच्या कागदांत हरवेल. म्हणून फोल्डरला ‘हिवरखेड-तेल्हारा’ असे नाव द्यावे लागते.

४/ अडसर लिपीचा होता. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. फोल्डरच्या नावांसाठी मात्र आयमॅपकडे रोमन अक्षरांपलीकडची सर्वमान्य पद्धत नव्हती. डिसेंबर १९९६ च्या सुधारित दस्तऐवजाने मार्ग काढला, तो वेषांतराचा. ‘हिवरखेड’मधील मात्रांसह ७ चिन्हांचे १४ बाइट होतात, त्यांतून रोमन चिन्हांची ओळ बनते. तिच्या आरंभी ‘&’, शेवटी ‘-’; एकूण २१ चिन्हे.

५/ डिसेंबर १९९७ मध्ये पीअर्स लॉडर यांनी पायथन भाषेसाठी ‘आयमॅपलिब’ लिहिली. तिच्यात नामांतर एका ओळीत होते. वेषांतर मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच करायचे असते. पायथनच्या तिसऱ्या पिढीत देवनागरी नाव थेट दिले, तर प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. याहून मोठा धोका यादी वाचताना असतो: ती २१ चिन्हांची ओळ निरर्थक कचरा समजून कोणी फोल्डरच पुसून टाकू शकतो.

६/ २०१३ च्या मानकाने ‘यूटीएफ-८’मधील नावे थेट पाठवण्याची मुभा दिली. २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये तिची सोय आली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आयमॅपच्या नव्या आवृत्तीने तीच पद्धत स्वीकारली. तरीही सर्व्हर जुना असेल, तर वेषांतर अटळ आहे.

७/ नामांतरानंतरही एक काम उरते. ‘सबस्क्राइब’ केलेल्या फोल्डरांची यादी आयमॅपमध्ये स्वतंत्र असते आणि सर्व्हरने तिच्यातून जुने नाव परस्पर काढू नये, असा नियम आहे. जुने नाव वगळून नवे नोंदवले नाही, तर वाचकाला रिकाम्या पत्त्यावर ‘हिवरखेड’ दिसत राहते आणि खरी पत्रे नजरेआड जातात. नामांतर पूर्ण होते ते सर्व नोंदवह्या जुळल्यावरच.