पडद्यापर्यंत न पोचलेले चित्रपट

सिनेमाचा इतिहास आपण नेहमी प्रदर्शित झालेल्या चित्रपटांवरून सांगतो. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ आला, अशी एक माळ ओवली जाते. या माळेच्या बाजूला आणखी एक ढीग पडलेला असतो, तिकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. मुहूर्त झाला, जाहिरात झळकली, दोन-चार गाणी ध्वनिमुद्रित झाली, काही रिळं चित्रितही झाली आणि मग सगळं थांबलं, अशा चित्रपटांचा हा ढीग. श्रोतेहो, आज मी या न निघालेल्या चित्रपटांविषयी बोलणार आहे. ते का निघाले नाहीत हे पाहिलं, की जे निघाले ते कसे निघाले हेही जास्त चांगलं कळतं.

मुळात इतके चित्रपट जाहीर होतात आणि बारगळतात, हे असं का? याचं उत्तर पैशाच्या व्यवहारात आहे. हिंदी चित्रपटधंद्याला केंद्र सरकारने उद्योगाचा दर्जा जाहीर केला तो १९९८ साली. तोवर बँका निर्मात्याला दारात उभं करत नसत. पैसा यायचा तो खासगी सावकाराकडून, भारी व्याजाने. नाहीतर वितरकाकडून, आगाऊ. वितरकांनी देशाचे विभाग पाडून घेतले होते, त्यांना ‘टेरिटरी’ म्हणतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव राज्यकारभारातून गेलं, तरी या धंद्यात ‘सीपी-बेरार’ ही टेरिटरी कायम राहिली. आता वितरकाने पैसे द्यायचे ते कशाकडे पाहून? चित्रपट तर झालेलाच नसतो. मग नटाचं नाव, संगीतकाराचं नाव आणि मुहूर्ताचा फोटो एवढ्यावर सौदा व्हायचा. म्हणजे पैसा जमला म्हणून घोषणा, असं नव्हतं. पैसा जमावा म्हणून घोषणा होती. साहजिकच घोषणा आणि अफवा यांच्यातली रेघ पुसट झाली. पैसा आटला की सेटचं भाडं थकायचं, नटाच्या तारखा निघून जायच्या आणि लॅबचं बिल चुकतं होईपर्यंत निगेटिव्ह लॅबमध्येच अडकून पडायची.

‘मुघल-ए-आझम’ तरी याला अपवाद कुठे होता? के. आसिफ यांनी हा चित्रपट पहिल्यांदा सुरू केला तो चाळीसच्या दशकात. तेव्हा अकबराच्या भूमिकेत चंद्रमोहन होते आणि अनारकली होती नर्गिस. पैसा शिराज अली हकीम यांचा. फाळणीनंतर हकीम पाकिस्तानात गेले आणि १९४९ साली चंद्रमोहन वारले. त्या क्षणी कोणी चित्रपटाचा इतिहास लिहायला बसला असता, तर त्याने ‘मुघल-ए-आझम’ न निघालेल्यांच्या यादीत टाकला असता. पुढे बांधकाम व्यवसायातले शापूरजी पालनजी पैसा घालायला उभे राहिले, नट बदलले, आणि ५ ऑगस्ट १९६० रोजी तो पडद्यावर आला. त्याच आसिफना ‘लव्ह अँड गॉड’च्या वेळी नशिबाने साथ दिली नाही. लैला-मजनूच्या या कथेत गुरुदत्त नायक होते; १९६४ साली ते गेले. त्यांच्या जागी संजीवकुमार आले, तर १९७१ साली आसिफच गेले. १९८६ मध्ये जे काही प्रदर्शित झालं, ते उपलब्ध तुकडे जोडून केलेलं होतं, आणि ते पाहायला संजीवकुमारही उरले नव्हते.

गुरुदत्त यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्या ‘गौरी’बद्दल सांगायला हवं. पत्नी गीता दत्त यांना नायिका म्हणून पुढे आणणारा हा बंगाली चित्रपट त्यांनी १९५७ च्या सुमारास हाती घेतला. तो पुरा झाला असता, तर भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट ठरला असता. थोडं चित्रण झालं आणि काम थांबलं. पहिलेपणाचा तो मान मग १९५९ साली त्यांच्याच ‘कागज के फूल’कडे गेला. ‘राज’ नावाचा आणखी एक चित्रपट त्यांच्या संस्थेने असाच अर्ध्यावर सोडला. त्यात सुनील दत्त आणि वहिदा रहमान होते आणि संगीतकार म्हणून राहुलदेव बर्मन यांना पहिली संधी मिळणार होती. कथेचं मूळ विल्की कॉलिन्स यांच्या ‘द वुमन इन व्हाइट’ या इंग्रजी कादंबरीत होतं. गुरुदत्त यांचे जुने सहायक राज खोसला यांनी १९६४ साली त्याच धाग्यावर ‘वह कौन थी?’ काढला आणि तो चांगला चालला. चित्रपट मेला तरी त्यातली कल्पना मरत नाही, ती दुसऱ्या घरी जाते, याचं हे एक उदाहरण.

पण कल्पना अशी दुसऱ्या घरी जाते, तेव्हा दर वेळी ती घरातल्याच माणसाकडे जाते असं नाही. सत्यजित राय यांच्या ‘द एलियन’ची हकिगत तेच सांगते. राय यांनी ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात १९६२ साली ‘बंकुबाबूर बंधू’ ही गोष्ट लिहिली होती. परग्रहावरचा प्राणी आला की तो क्रूरच असायचा, अशी तेव्हाची रीत. राय यांचा पाहुणा मात्र प्रेमळ होता. याच कल्पनेवरून त्यांनी १९६७ साली इंग्रजी पटकथा लिहिली. बंगालमधल्या एका खेड्यात कमळांच्या तळ्यात एक यान उतरतं, गावकऱ्यांना ते जमिनीतून वर आलेलं देऊळ वाटतं, आणि हाबा नावाच्या एका गरीब मुलाची त्या पाहुण्याशी दोस्ती जमते. एका मारवाडी व्यापाऱ्याला या ‘देवळा’त वेगळाच लाभ दिसतो. त्या भूमिकेसाठी पीटर सेलर्स यांचं नाव ठरत होतं. आर्थर सी. क्लार्क यांच्या ओळखीतून सिलोनमधले माइक विल्सन मध्यस्थ म्हणून आले आणि हॉलिवूडच्या ‘कोलंबिया’ कंपनीने रस दाखवला.

राय अमेरिकेत पोचले, तर तिथे त्यांना आपल्या पटकथेच्या सायक्लोस्टाइल प्रती हातोहात फिरताना दिसल्या. त्यावर स्वामित्वहक्काच्या जागी राय यांच्याबरोबर विल्सन यांचंही नाव छापलेलं होतं. पटकथेचा शब्दन्‌शब्द राय यांचा, आणि हक्कात वाटेकरी दुसराच. पुढे सेलर्स यांनी अंग काढून घेतलं. त्यांच्याच १९६८ सालच्या ‘द पार्टी’ या विनोदी चित्रपटात एका भारतीय माणसाची टिंगल आहे आणि त्याच्या पाळीव माकडाचं नाव आहे अपू. ‘पथेर पांचाली’च्या दिग्दर्शकाला ते कसं लागलं असेल, हे वेगळं सांगायला नको. ‘एलियन’ हळूहळू थंडावला.

१९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ आला. मुलाशी मैत्री करणारा प्रेमळ परग्रहवासी त्यातही होता. अमेरिकाभर फिरलेल्या आपल्या पटकथेवाचून हा चित्रपट होणं शक्य नव्हतं, असं राय यांनी बोलून दाखवलं. स्पीलबर्ग यांनी ते नाकारलं. राय कोर्टात गेले नाहीत. खरं-खोटं करण्याची जागा ही नव्हे. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की, चित्रपट झाला असता तर १९६८-६९ सालची तारीख त्याच्यावर कायमची कोरली गेली असती. तो न झाल्याने राय यांच्या बाजूला उरली ती पटकथा, रेखाटनं आणि पत्रव्यवहार. हे सगळं राय यांनी जपून ठेवलं होतं, म्हणून २०१८ साली ते पुस्तकरूपाने येऊ शकलं आणि ही कहाणी ऐकीव गोष्टीच्या पुढे गेली.

काही चित्रपटांच्या आड ना पैसा आला ना माणसाचा स्वभाव. त्यांच्या आड काळच आला. सोळाव्या शतकातली काश्मिरी कवयित्री हब्बा खातून. तिचा पती युसुफ शाह चक याला अकबराने कैद केलं आणि १५८६ साली काश्मीर मोगलांकडे गेलं. ‘मदर इंडिया’ काढणारे मेहबूब खान यांच्या मनात तिच्यावर चित्रपट होता. २८ मे १९६४ रोजी, पंडित नेहरूंच्या निधनानंतर दुसऱ्याच दिवशी मेहबूब गेले आणि तो बेत तिथेच राहिला. दोन दशकांनंतर ‘उमराव जान’चे मुझफ्फर अली यांनी तोच विषय ‘झूनी’ या नावाने घेतला. डिंपल कपाडिया आणि विनोद खन्ना यांना घेऊन काश्मीर खोऱ्यात चित्रण सुरू झालं. कथेला खोऱ्यातले सगळे ऋतू हवे होते, म्हणजे पुन्हापुन्हा तिथे जाणं आलं. १९८९-९० च्या सुमारास खोऱ्यात हिंसाचार पेटला आणि काम बंद पडलं. स्वातंत्र्य गमावणाऱ्या काश्मीरची गोष्ट सांगणारा चित्रपट काश्मीरच्याच दुसऱ्या एका शोकांतिकेत अडकला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘झूनी’च्या अर्ध्या रिळांतून त्या वर्षांविषयी जे कळेल, ते पूर्ण झालेल्या एखाद्या चित्रपटातूनही कळेलच असं नाही.

श्रोतेहो, न निघालेल्या चित्रपटाचं तिकीट कोणी काढलेलं नसतं, म्हणून त्याची आठवण ठेवणाराही कोणी नसतो. तरीही त्यात सुताराने सेट ठोकलेला असतो, शिंप्याने कपडे शिवलेले असतात, वादकांनी रात्र जागवून गाणं वाजवलेलं असतं. त्यांच्या कष्टाचा पुरावा फक्त कागदांत आणि रिळांत राहतो. आणि रिळं किती नाजूक असतात, हे पुण्याला सांगायला नको. १९६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा साठा जानेवारी २००३ मधल्या आगीत जळाला. पूर्ण झालेल्या चित्रपटांची ही गत, तर अपुऱ्यांची काय कथा!

म्हणून एक विनंती करतो. कोल्हापूर, पुणे, दादर-परळ या भागांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे आजोबा किंवा काका कधीकाळी स्टुडिओत कामाला होते. माळ्यावरच्या ट्रंकेत करारपत्र असेल, हिशेबाची वही असेल, कुठल्या तरी अनोळखी नावाच्या चित्रपटाच्या मुहूर्ताचा फोटो असेल. ‘हा सिनेमा तर आलाच नाही’ असं म्हणून तो रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे नावं आणि साल लिहा, ओळखणारं माणूस हयात आहे तोवर त्याला विचारून घ्या, आणि जमलं तर एखाद्या संग्रहालयाला दाखवा. जो चित्रपट आला, त्याची साक्ष द्यायला प्रेक्षक असतात. जो आलाच नाही, त्याची साक्ष त्या ट्रंकेतच आहे.