सतरा वर्षांनी आलेला अल्बम आणि त्याचे ऐकणारे

पीएचडीच्या मुलाखतीला तुम्ही 'लोकप्रिय संगीताचा इतिहास' असा काही विषय घेऊन गेलात, तर समोरून एक प्रश्न हमखास येतो: "साधनं कुठली वापरणार?" गाणी आहेत, मुलाखती आहेत, परीक्षणं आहेत, असं आपण धडाधड सांगतो. मग पुढचा प्रश्न येतो आणि तिथे गाडी अडते. "ही सगळी गाणाऱ्यांची साधनं झाली. ऐकणाऱ्यांची कुठली?"

आजची पोस्ट या दुसऱ्या प्रश्नावर आहे. उदाहरण घेतलंय आपल्या शेजारचंच, मुंबईच्या इंडस क्रीड या बँडचं. पुण्यात बसून मुंबईचं उदाहरण का, तर पुणेकर ऐकणारा यात कुठे दिसतो आणि कुठे गायब होतो, हेच मला बघायचंय.

आधी गोष्ट थोडक्यात. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड सुरू झाला. त्या काळात आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड परदेशी गाणी वाजवायचे, आणि जो हुबेहूब वाजवेल तो भारी. रॉक मशीनने स्वतःची इंग्रजी गाणी लिहून १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. (पुनरागमनाचं नाव आधीच वापरून टाकलं, अजून कुठे गेलेही नसताना!) १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांची पसंती मिळाली. १९९५ मध्ये नव्या नावाचाच अल्बम, १९९७ मध्ये बँड बंद. २०१० मध्ये गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे दोघं नवे. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व' आला. म्हणजे दोन अल्बममध्ये सतरा वर्षं.

आता नवखा संशोधक काय करतो? 'इव्हॉल्व'ची परीक्षणं गोळा करतो, त्यातली चांगली किती आणि वाईट किती ते मोजतो, आणि लिहितो: अल्बमचं स्वागत झालं. या वाक्यातून आपल्याला काहीही कळत नाही. स्वागत केलं कुणी?

इथे हान्स रॉबर्ट यौस हा जर्मन अभ्यासक कामाला येतो. १९६७ मध्ये कॉन्स्टान्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्याने मांडलं ते साधारण असं, की वाचक कोऱ्या मनाने पुस्तक उघडत नाही. आधी वाचलेल्या सगळ्याचं मिळून त्याचं एक अपेक्षांचं क्षितिज तयार झालेलं असतं आणि नवी कृती तो त्यावर घासून बघतो. यौस साहित्याबद्दल बोलत होता, पण आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. बालगंधर्वांच्या उतारवयात जे लोक त्यांचं गाणं ऐकायला जात, ते समोरचा आवाज ऐकत होते की आपल्या तरुणपणचा, यावर मराठी घरांत पुष्कळ वाद झालेत.

परतून आलेल्या बँडच्या बाबतीत गंमत अशी, की क्षितिज एक नसतं. २०१२ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या ऐकणाऱ्याकडे १९९० चं क्षितिज आहे: मोठ्याने म्हणता येईल असं ध्रुवपद, स्टेडियमला शोभेल अशी गिटार. त्याच वेळी विशीतला मुलगा वेगळ्याच गाण्यांवर वाढलाय. ओपेथ २००९ मध्ये आयआयटी मद्रासला वाजवून गेले, पोर्क्युपाइन ट्री त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या 'मूड इंडिगो'मध्ये. लांबलचक, वळणं घेत जाणारं, ध्रुवपदाची घाई नसलेलं गाणं या मुलाच्या कानाला सरावाचं होतं. आणि 'इव्हॉल्व' नेमका त्या बाजूला झुकलेला अल्बम आहे. त्याचं मिक्सिंग केलं टिम पामर यांनी, ज्यांनी पूर्वी पर्ल जॅमचा 'टेन' आणि पोर्क्युपाइन ट्रीचा 'इन अॅब्सेंशिया' मिक्स केला होता. एवढी एक नोंदसुद्धा इतिहासाचं साधन आहे बरं का. बँडने कुणाच्या कानासाठी आवाज घडवला हे तिच्यातून कळतं.

तुलनेसाठी ब्लॅक सबाथ घ्या. २०१३ मध्ये मूळ गायक ऑझी ऑस्बोर्नला घेऊन त्यांनी '१३' काढला आणि मुद्दाम सत्तरच्या सुमाराचा आपलाच जुना आवाज परत आणला. १९७० च्या 'पॅरानॉइड'नंतर ब्रिटनमध्ये त्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला तो थेट तेव्हा. त्यांनी जुन्या ऐकणाऱ्याला त्याची आठवण परत दिली. इंडस क्रीडने असं केलं नाही, आणि अल्बमचं नावही तसंच ठेवलं. माझ्या मते हा धाडसी निर्णय होता. पण त्याची किंमत होती: जो जुना ऐकणारा सतरा वर्षं वाट बघत होता, त्यालाच नव्याने कान तयार करावे लागणार होते.

बरं, या जुन्या ऐकणाऱ्याला शोधायचं कुठे? इथून संशोधनाचं खरं काम सुरू होतं.

कॅसेटपासून सुरुवात करा. पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) उत्तर भारताबद्दल आहे, पण त्यातली मूळ गोष्ट पुण्याच्या होस्टेललाही लागू पडते: कॅसेट स्वस्तात कॉपी होते, त्यामुळे विकल्या गेलेल्या कॅसेट मोजून ऐकणारे मोजता येत नाहीत. एका खोलीत एक विकत घेतलेली कॅसेट आणि मजल्यावर तिच्या दहा कॉप्या, पेनाने नाव लिहिलेल्या. दर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अशा कॅसेट अजून अधूनमधून दिसतात. विकत घ्या, कव्हरावरचं हस्ताक्षर बघा, दुसऱ्या बाजूला काय भरलंय ते ऐका. एका बाजूला रॉक आणि दुसऱ्या बाजूला भावगीतं निघाली, तर तो ऐकणारा तुमच्या कुठल्याच तयार रकान्यात बसणार नाही. फार छान गोष्ट आहे ही.

मग माणसांशी बोला. माझा मामा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुण्यात इंजिनिअरिंगला होता. तो मला म्हणाला, "इंडस क्रीडची कॅसेट आमच्याकडे नव्वदमध्येच होती." आता बघा, नव्वदमध्ये इंडस क्रीड हे नावच नव्हतं, बँड तेव्हा रॉक मशीन होता. मामा खोटं बोलला का? नाही. नंतर टीव्हीवर पाहिलेलं नाव त्याच्या आठवणीत मागे जाऊन कॅसेटला चिकटलं. स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आपल्याकडे आलं १९९१ मध्ये, आणि मामासारख्या अनेकांनी या बँडचे चेहरे तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मौखिक इतिहासात अशी चूक खोडायची नसते, नोंदवायची असते. आठवण कुठल्या माध्यमातून पक्की झाली हे तिने दाखवलं. (मामाने 'इव्हॉल्व' ऐकला का? मी ऐकवला. तिसऱ्या गाण्याला म्हणाला, "चांगलं आहे, पण हे ते नाहीत." दहा मिनिटांनी परत लावायला सांगितलं.)

आता जागा. जुना ऐकणारा पूर्वी जिथे हे संगीत ऐकायचा ती जागा राहिली का? मुंबईत धोबीतलावचं रंगभवन म्हणजे रॉकचं घर होतं. खुलं नाट्यगृह, कॉलेजच्या पोराला परवडणारं तिकीट. आवाजाच्या नियमांनी तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथले कार्यक्रम थांबले. २००७ मध्ये लोअर परळला ब्लू फ्रॉग सुरू झालं ते क्लब होतं, तिथे जायला खिसा वेगळा लागायचा. पुण्यात २०१० पासून कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर सुरू झाला आणि स्वतःची गाणी करणाऱ्या भारतीय बँडना हजारोंचा श्रोता मिळाला, पण तो श्रोता बहुतांशी तरुण. म्हणजे पुनरागमनाचं स्वागत मैदानावर जोरात ऐकू आलं, असं कुठे लिहिलेलं सापडलं, तर त्या मैदानावर कोण येऊ शकत होतं हे आधी तपासा. ज्याला रविवारी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचा होता, तो त्या टाळ्यांत नाही.

विकत घेण्याची सोयही अर्धवट होती. कॅसेट संपल्या होत्या, सीडीची दुकानं आवरती घेतली जात होती. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत 'फ्लाइट' नावाचं गाणी विकण्याचं दुकान काढलं आणि पुढच्याच वर्षी बंद केलं. अॅपलचं आयट्यून्स भारतात आलं २०१२ च्या डिसेंबरात. 'इव्हॉल्व' या अधल्यामधल्या काळात आला. तेव्हा 'लोकांनी घेतला नाही' असं विधान करण्याआधी लोकांना तो कुठून घेता आला असता, हे शोधून काढा. साधा प्रश्न आहे, पण बरेच प्रबंध त्याच्याशिवाय उभे असतात.

आता मला सर्वांत जास्त खुपणारा मुद्दा. या बँडबद्दलचं छापील साहित्य जवळपास सगळं इंग्रजीत आहे. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं, ते इंग्रजी. २००८ मध्ये 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती आली, तीही इंग्रजी. मराठी वर्तमानपत्रांत सवाई गंधर्व महोत्सवाची वार्तापत्रं रकानेच्या रकाने सापडतील. 'रॉक' शब्द शोधलात तर बातमी बऱ्याचदा आवाजाच्या तक्रारीची किंवा वाहतूक कोंडीची. यावरून एक निष्कर्ष फार सहज निघतो: मराठी माणूस हे ऐकतच नव्हता, हा इंग्रजी शाळेतल्या मूठभरांचा नाद होता. मी हा निष्कर्ष सेमिनारमध्ये इतक्यांदा ऐकलाय की आता हात वर करून थांबवतो. कागदावर मराठी नसणं म्हणजे कानावर मराठी नसणं नव्हे. बँडचा गिटारवादक तिनईकर आडनावाचा आहे, आणि माझा मामा सदाशिव पेठेतला. तो रात्री रॉक मशीन ऐकायचा आणि सकाळी आजीच्या आकाशवाणीवर अभंग. त्याच्याबद्दल मराठीत कुणी लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्यांना तो मराठी ऐकणारा वाटला नाही, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांना तो त्यांच्यातला वाटला नाही.

हे ऐकणारे आज पन्नाशी-साठीत आहेत. कॅसेट टाकून दिल्या जातायत, प्लेयर बंद पडलेत. अजून वीस वर्षांनी कुणी या विषयावर पीएचडी करायला बसलं, तर त्याच्या हातात फक्त इंग्रजी परीक्षणं उरतील आणि सहज निघणारा तो निष्कर्ष पुस्तकात जाईल. तेव्हा ज्यांना विषय शोधायचाय त्यांनी या सुट्टीत आपापल्या घरातला असा एक मामा, काका, आत्या गाठा. फोन टेबलावर ठेवा, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. 'तुम्हाला गाणं आवडलं का' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: कुठे ऐकलं, कुणाच्या टेपवर, किती वाजता, घरात अजून कोण होतं, आवाज कमी करायला कुणी सांगितलं.

आणि एक ताज्या पिढीबद्दल. पदवीच्या वर्गात मी 'प्रिटी चाइल्ड'चा व्हिडिओ आणि 'इव्हॉल्व'मधलं एक गाणं पाठोपाठ लावलं. यूट्यूबवर दोन्ही एकाच यादीत येतात. मुलांनी दोन्ही ऐकली आणि एकीने विचारलं, "सर, हे दोन वेगळे बँड आहेत ना?" तिच्यासाठी कुणी गेलंच नव्हतं, त्यामुळे कुणी परतही आलं नव्हतं. तिचा प्रश्न मी तारखेसह वहीत लिहून ठेवलाय, मामाच्या वाक्याच्या खालच्या ओळीत.