नव्या आवृत्तीचा पहिला दिवस

१७ जून २००८ रोजी मोझिलाने फायरफॉक्स ३ हा ब्राउझर प्रसिद्ध केला. एका दिवसातल्या सर्वाधिक डाउनलोडचा गिनीज विक्रम करायचा म्हणून त्याच दिवशी उतरवून घ्या, असे आवाहन आधीच केले होते. लोक तुटून पडले आणि सुरुवातीलाच संकेतस्थळ कोलमडले. तरीही २४ तासांत ८०,०२,५३० डाउनलोड झाले. म्हणजे यंत्रे दुबळी नव्हती. सगळ्यांनी एकच वेळ गाठली, हे खरे कारण.

मग मोठे सर्व्हर का घेऊ नयेत? कारण एका दिवसाच्या झुंबडीसाठी उभारलेली क्षमता पुढे वर्षभर पडून राहते, आणि देणग्यांवर चालणाऱ्या प्रकल्पांना ते झेपत नाही. लिनक्सच्या जगात म्हणूनच विद्यापीठांनी आपल्या सर्व्हरवर ‘मिरर’ प्रती ठेवल्या. पण मिररलाही नवी आवृत्ती आधी मूळ सर्व्हरवरूनच ओढावी लागे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटॉरेंटने ही गाठ सोडवली. फाइलचे तुकडे होतात. हाती आलेला तुकडा त्याच्या हॅशशी, म्हणजे आशयावरून काढलेल्या ओळखखुणेशी, ताडून घेतला की तो लगेच दुसऱ्याला देता येतो, आणि ज्याच्या प्रती कमी आहेत तो तुकडा आधी मागितला जातो. मागणारे वाढले की देणारेही वाढतात. चोरीच्या चित्रपटांनी ही पद्धत बदनाम केली, हे नाकारता येत नाही. पण दोष वापराचा होता, रचनेचा नव्हे. डेबियन आणि उबुंटू ही लिनक्स वितरणे आजही आपल्या प्रती टॉरेंटने वाटतात.