सुखरूप गेलेल्यांची मोजदाद

अपघात झाला की पहिला प्रश्न असतो, ड्रायव्हर प्यायला होता काय? युनियनच्या कामात आम्ही अशा पुष्कळ चौकश्यांना बसलो. ब्रेकविषयी क्वचितच कुणी विचारी.

१९१९ साली ग्रीनवुड आणि वुड्स यांनी इंग्लंडात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील स्त्रियांचे अपघात मोजले. ते थोड्यांच्याच वाट्याला अधिक आलेले दिसले. यातूनच पुढे ‘अपघातप्रवण माणूस’ ही कल्पना निघाली. मालकवर्गाला ती मानवणारच!

पण शंभर अपघातांत वीस ड्रायव्हर प्यालेले निघाले, एवढ्याने काय ठरते? त्याच रस्त्याने सुखरूप गेलेल्यांतही शेकडा वीसच प्यालेले असले तर? हा हिशेब अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरी १९६२-६३ साली बोर्केनस्टाइन यांनी मोठ्या प्रमाणावर मांडला. अपघातातले सुमारे सहा हजार ड्रायव्हर एकीकडे. पूर्वीच्या अपघातांच्या जागी, त्याच वारी, त्याच वेळी थांबवलेले साडेसात हजार दुसरीकडे. श्वास दोघांचाही तपासला. दारू वाढली तसा धोका झपाट्याने वाढला, हे खरेच. परंतु अगदी थोडी घेतलेले न घेतलेल्यांहूनही सुरक्षित दिसले! १९६६ साली ऑल्सॉप यांनी तेच आकडे पिण्याच्या सवयीप्रमाणे वेगळाले केले, तेव्हा हे गौडबंगाल उलगडले. रोज पिणारे आणि क्वचित पिणारे यांची सरमिसळ झाली होती.

हॅडन या डॉक्टरांनी माणसाबरोबर गाडी व रस्ताही तपासायला लावला.

हे वाचल्यावर आम्ही चौकशीत, अपघात न झालेल्या त्याच बनावटीच्या गाड्यांची जॉबकार्डेही मागू लागलो. पहिल्या खेपेस ती मिळायला तीन आठवडे लागले.