वाटेगावची शीव आणि ‘फकिरा’

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म 1920 मध्ये तत्कालीन सातारा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या त्यांच्या कादंबरीचे कथानकही त्याच गावात घडते. ज्या जमातींवर इंग्रज सरकारने जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला आणि ज्यांना हजेरीची, म्हणजे ठरल्या वेळी सरकारी माणसापुढे उभे राहून आपण गावातच असल्याचे सिद्ध करण्याची सक्ती केली, त्यांत मांग समाजही होता, आणि या कादंबरीतील हजेरीचे चित्रण सोसलेल्या अपमानातून आल्यामुळेच इतके जिवंत उतरले आहे.

प्रारंभीचा जोगणीचा प्रसंग तर ग्रामीण इतिहासाचे मोलाचे साधन मानावा लागेल. जोगणी म्हणजे जत्रेच्या मानाचे देवीचे प्रतीक. ते दुसऱ्या गावातून पळवून आणणाऱ्याने स्वतःची शीव गाठली की पाठलाग थांबवायचा, हा संकेत मोडून फकिराच्या बापाचा, राणोजीचा, घात केला जातो, आणि पुढील सारा सूड व संघर्ष तेथूनच पेट घेतो.

लहानपणीच वडिलांसोबत पायी मुंबई गाठलेल्या, गिरणीत राबलेल्या आणि 1944 मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या या लेखकाने दुष्काळात सरकारी खजिना लुटून उपाशी माणसे जगवणाऱ्या फकिराला दरोडेखोर नव्हे, तर नायक ठरवले. या निवाड्यामागे वाटेगावाइतकीच मुंबईची कामगार चळवळही उभी आहे.