लाकडी जिगसॉ आणि तो कापणारे हात

ब्रिटनमधल्या लाकडी जिगसॉच्या शौकिनांनी १९८५ साली एक संघटना काढली आणि तिला नाव दिलं भलं भारदस्त: ‘बेनेव्होलंट कॉन्फ्रॅटर्निटी ऑफ डिसेक्टॉलॉजिस्ट्स’. अमेरिकेतली मंडळी अशीच ‘पझल पार्ली’ या मेळाव्याला जमतात. जुने खोके टेबलांवर मांडले जातात, देवघेव होते, कारागीर आपलं नवं काम दाखवतात, हरवलेला तुकडा हुबेहूब कोण करून देईल याची चौकशी चालते. एखादा बिननावी खोका समोर आला की चर्चेला रंग चढतो. त्यावर ना कंपनीचं नाव, ना साल. मग जाणकार चित्र बाजूला ठेवून लाकूड बघतात. प्लाय किती पदरी आहे? तुकड्याची मान बारीक आहे की जाड? वळणं गोलसर आहेत की टोकदार? कापायच्या धाटणीवरून हात ओळखायचा असतो.

एवढी खटपट करावी लागते, कारण अडीचशे वर्षांहून जुन्या या धंद्यात चित्रकाराचं नाव छापलं गेलं, कंपनीचं छापलं गेलं, पण कापणाऱ्याचं क्वचितच.

सुरुवातीचं नाव मात्र ठाऊक आहे. लंडनचा नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी. राजा तिसऱ्या जॉर्जच्या दरबारचे भूगोलतज्ज्ञ थॉमस जेफ्रीज यांच्या हाताखाली तो शिकला. १७६०च्या दशकात त्याने छापील नकाशे महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून बारीक करवत फिरवली. मुलांनी देश जुळवायचे आणि जुळवता जुळवता भूगोल शिकायचा. जग, चार खंड, इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड असे नकाशे तो विकायचा. पैसे कमी असतील त्यांच्यासाठी समुद्राचे तुकडे वगळलेला स्वस्त नकाशाही होता! स्पिल्सबरी १७६९ साली, ऐन तिशीत गेला.

अर्थात, ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या फ्रेंच लेखिका मादाम द बोमाँ त्याच सुमारास लाकडी नकाशे वापरत होत्या. राजाच्या मुलांची देखरेख करणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांनीही राजवाड्यात असेच नकाशे वापरले. ते ठेवायचं त्यांचं महोगनीचं कपाट आजही जपलेलं आहे. पुढे नकाशांच्या जोडीला इतिहास आला. १७८८ साली जॉन वॉलिसने इंग्लंडच्या इतिहासाचा कालपट तुकड्यांत विकायला काढला. लाकूड महाग, काम हाताचं, त्यामुळे हा खेळ श्रीमंतांच्या घरातच राहिला.

मोठ्या माणसांना त्याची चटक लागली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९०८-०९ मध्ये बॉस्टन आणि आसपासच्या शहरांत जिगसॉचं अक्षरशः वेड पसरलं. पाचशे तुकड्यांचा एक जिगसॉ तेव्हा ५ डॉलरला मिळे आणि साध्या कामगाराचा महिन्याचा पगार ५० डॉलरच्या आसपास होता. मागणी इतकी वाढली की पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने १९०९ साली बाकीचे खेळ थांबवून अख्खा कारखाना ‘पास्टाइम’ जिगसॉना लावला.

त्या कारखान्यात करवतीवर बसत त्या बायका. दिवसाला प्रत्येकीने १४०० तुकडे कापायचे असा दंडक होता. पातं वरखाली चालत राहायचं आणि फळी दोन्ही हातांनी फिरवत न्यायची. पास्टाइममध्ये पक्षी, प्राणी, माणसं अशा आकारांचे तुकडेही असत. ते या बायकांच्या हातून उतरले. जिगसॉ मात्र बाजारात गेले कंपनीच्या नावाने.

१९३०च्या महामंदीत या धंद्याला निराळंच वळण लागलं. काम गेलेले सुतार, वास्तुविशारद, कारकून घराच्या तळघरात करवत बसवून जिगसॉ कापू लागले. औषधांच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून ते भाड्याने जात. ब्रिटनमध्येही १९३३ साली ब्रिटिश जिगसॉ पझल लायब्ररी सुरू झाली. तिथले लाकडी जिगसॉ चित्र न बघताच जुळवायचे असतात.

नेमक्या त्याच वेळी पुठ्ठा आला. पोलादी साच्याखाली एका दाबात अख्खं चित्र कापलं जाऊ लागलं. टूथब्रशसोबत जिगसॉ फुकट मिळू लागला, दर आठवड्याला नवा जिगसॉ २५ सेंटला येऊ लागला. १९३३च्या सुरुवातीला अमेरिकेत आठवड्याला एक कोटी जिगसॉ खपत होते. खेळ घरोघरी पोचला, ही मोठी गोष्ट झाली. पण करवत मागे पडली.

तरीही हाताचं काम टिकलं ते फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स यांच्यासारख्यांमुळे. न्यूयॉर्कच्या या दोघा बेकार तरुणांनी ‘पार’ नावाने जिगसॉ कापायला घेतले आणि कापण्यालाच कला बनवलं. निळं आकाश संपून लाल छप्पर सुरू होतं, बरोबर त्या रेषेवरून पातं न्यायचं. मग एका तुकड्यावर एकच रंग येतो आणि शेजारचा तुकडा कोणता, याचा काही सुगावा लागत नाही. काठ सरळ ठेवायचा नाही, म्हणजे ‘आधी चौकट लावू’ हा जुळवणाऱ्याचा हुकमी डाव फसतो. गिऱ्हाइकाच्या नावाची अक्षरं किंवा जन्मतारीख तुकड्यांत कापून दिली जाई. आणि प्रत्येक जिगसॉत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक तुकडा असे. ती त्यांची सही.

हाच वारसा १९७४ साली व्हर्माँटमध्ये स्टीव्ह रिचर्डसन आणि डेव्ह टिबेट्स यांनी ‘स्टेव्ह’ काढून पुढे नेला. त्यांची सही विदूषकाची. इंग्लंडच्या वेंटवर्थने १९९०च्या दशकात आणि कोलोरॅडोच्या लिबर्टीने २००५ नंतर लेझर वापरून लाकडी जिगसॉ पुन्हा आवाक्यात आणला. लेझरने तुकड्याची कड किंचित करपते, गडद दिसते. करवतीची कड लाकडाच्या रंगाचीच राहते. शौकिनांत यावरून वाद चालतात, पण लेझरने नवे खेळाडू आणले हे कुणीही नाकारू नये.

या सगळ्या इतिहासाची जुळवाजुळव करण्यात मोठा वाटा आहे मेन राज्यातल्या बेट्स कॉलेजमध्ये पूर्वी अर्थशास्त्र शिकवणाऱ्या ॲन विल्यम्स यांचा. २००४ साली त्यांचं जिगसॉच्या इतिहासावरचं पुस्तक आलं. संग्राहकांनी जपलेले खोके, त्यांवरची लेबलं, हाताने लिहिलेल्या नोंदी हेच अशा इतिहासाचे कागदपत्र. आपल्याकडेही लाकडी खेळणी करणारे पुष्कळ हात असेच बिननावी राहिले आहेत. कुणी आपल्यासाठी असं काही कापून, घडवून दिलं असेल, तर झाकणाच्या आतल्या बाजूला करणाऱ्याचं नाव, गाव आणि साल आजच लिहून ठेवा.